अनाथांचे घर, गंजपेठ : एका कादंबरीचा ऐवज

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येते? गड, तलवारी, घोड्यांच्या टापा, दरबार आणि लढाया. राजे येतात, सेनापती येतात, कारभारी येतात. पण त्याच इतिहासात ज्या लेकरांना आई नव्हती, बाप नव्हता, जी जन्मायच्या आधीच समाजाला नकोशी झाली होती, त्यांच्या वाट्याला किती पाने आली? आणि अशा लेकरांचा हात धरणारी जी वयाने मोठी माणसे होती, ती कुठल्या प्रकरणात भेटतात?

वसई-विरारच्या चाळींतून मुलांसाठी पुस्तके जमवण्याचे काम आम्ही गेली काही वर्षे करीत आहोत. कुणी रद्दीतून देतो, कुणी पोरगा पुढच्या वर्गात गेला म्हणून देतो. त्यात ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ची मराठी गोष्ट सापडते, ‘हायडी’ सापडते. मुले ती आवडीने वाचतात. लंडनच्या अनाथ ऑलिव्हरची गोष्ट चार्ल्स डिकन्स यांनी १८३७ ते १८३९ या काळात लिहिली. डोंगरावरच्या तुसड्या आजोबांचे मन जिंकणारी पोरकी हायडी योहाना स्पायरी या स्विस लेखिकेने १८८० च्या सुमारास जगाला दिली. चांगल्या गोष्टी आहेत, आमच्या मुलांनी त्या जरूर वाचाव्यात. पण वाचकहो, नेमक्या याच काळात पुण्याच्या गंजपेठेत, ३९५ क्रमांकाच्या घरात, अशा गोष्टी कागदावर नव्हे तर प्रत्यक्षात घडत होत्या. क्रांतिबा जोतीराव आणि सावित्रीमाई यांचे ते घर. आमच्या घराघरांत त्यांची तसबीर आहे. जयंतीला आपण हार घालतो. परंतु तसबिरीतल्या माणसाशी लहान मूल बोलू शकत नाही. कादंबरीतल्या माणसाशी ते बोलू शकते. म्हणून या घरावर मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहायची झाल्यास तिचा ऐवज काय असेल, ते या लेखात मांडायचा आमचा विचार आहे.

पोरका जोती

या कादंबरीतला पहिला पोरका मुलगा म्हणजे खुद्द जोतीराव. १८२७ साली जन्मलेल्या या मुलाची आई चिमणाबाई तो वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा वारली. वडील गोविंदराव फुलांचा धंदा करणारे, कष्टाळू गृहस्थ. आईवेगळ्या जोतीला वाढवले ते सगुणाबाई क्षीरसागर यांनी. नात्याने त्या मावसबहीण, वयाने आईसारख्या, आणि स्वतः बालविधवा. जॉन नावाच्या मिशनरी साहेबाच्या घरी अनाथ मुलांना सांभाळण्याचे काम त्या करीत. म्हणजे अनाथ लेकरू हे ओझे नसते, ते माणूस असते, हा धडा या घरात कुणा पुस्तकातून आला नाही. तो एका कष्टकरी विधवेच्या हातांतून आला. सावित्रीमाईंनी पुढे आपल्या कवितेत या सगुणाबाईंना ‘आऊ’ म्हणून गौरविले आहे.

जोतीचे शिक्षण मध्येच तुटले. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे आहे, असे गोविंदरावांच्या कानी घालणारे भेटले आणि मुलगा मळ्यात कामाला लागला. आपल्या वस्तीत आजही असे होते. दहावीच्या आधीच पोरगा गाळ्यात कामाला लागतो आणि शाळेचे दप्तर माळ्यावर जाते. जोतीच्या बाबतीत मात्र शेजारच्या दोन वडीलधाऱ्या माणसांनी ते होऊ दिले नाही. एक गफार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरे लिजिट साहेब नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. एक मुसलमान, एक इंग्रज, आणि मुलगा माळ्याचा. ना जात एक, ना धर्म एक, ना वय एक. तरी हे दोघे गोविंदरावांना पटवत राहिले आणि १८४१ साली, चौदाव्या वर्षी, जोती पुन्हा शाळेत गेला. तालमीत त्याला लहुजी वस्ताद साळवे भेटले. १७९४ चा त्यांचा जन्म, म्हणजे जोतीपेक्षा ते तेहतीस वर्षांनी मोठे. दांडपट्टा त्यांनी शिकवला, आणि पुढे जोतीरावांच्या शाळांसाठी वस्तीतली मुले-मुली आणण्यात तेच पुढे होते.

इथे आम्हाला आणखी एका मुलाची आठवण होते. आई भीमाबाई गेल्यावर मीराआत्याच्या मायेत वाढलेला भीम मुंबईत चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत असे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्याला तिथे हेरले. दोघांच्या वयात एकतीस वर्षांचे अंतर. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या भेटीतून पुढे काय घडले, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. सांगायचे इतकेच की, आईवेगळ्या मुलाच्या आयुष्यात रक्ताच्या नात्याबाहेरचे एक मोठे माणूस येणे ही घटना लहान नसते.

पस्तीस आणि पाच

आता कादंबरीचे सर्वांत अवघड प्रकरण. १८६३ साली जोतीराव-सावित्रीमाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्याला कारण ठरली काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्याकडे ती स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवले, दिवस गेले, मग त्याने हात झटकले. बाळ जन्माला आल्यावर लोकलाजेपायी तिने त्याचा जीव घेतला आणि ते विहिरीत टाकले. खटला झाला. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्री मात्र मोकळा राहिला.

त्या काळी बोटे मोडून शिव्या देणारे पुष्कळ होते. जोतीराव-सावित्रीमाईंनी दुसरा मार्ग घेतला. गुप्तपणे या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, ठेवायचे तर इथे ठेवा, अशा अर्थाचे आवाहन त्यांनी केले. ज्या ब्राह्मण समाजातल्या काही कर्मठांनी सावित्रीमाईंवर शेणमारा केला, त्याच समाजातल्या दुर्दैवी लेकींसाठी हे दार उघडले गेले, हे ध्यानात घ्यावे.

आम्ही वाणिज्य शाखेचे, हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेले. त्यामुळे आकडे आले की आमची नजर तिथे थांबते. ४ डिसेंबर १८८४ रोजी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी जोतीरावांनी सरकारला लेखी मत दिले. त्यात या गृहाचा हिशेब आहे. सुरुवातीपासून त्या दिवसापर्यंत पस्तीस गरोदर विधवा तिथे आल्या आणि बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच हयात होती, तीस दगावली. कारणही त्यांनी दिले आहे. गर्भ लपविण्यासाठी त्या मातांना पोटात असतानाच जी विषारी औषधे घ्यावी लागली असतील, त्यांनी ती बालके आतूनच जायबंदी झाली होती.

भाषणांतून पस्तीस हा आकडा आपण टाळ्यांच्या गजरात ऐकतो. तीसचा आकडा सहसा कुणी सांगत नाही. आम्हाला वाटते तो सांगितला पाहिजे. बावीस वर्षांच्या आसपास चाललेल्या कामात तीस इवल्या प्रेतांना मूठमाती देणारे ते दांपत्य डोळ्यांपुढे आणा. त्यांना स्वतःला मूल नव्हते. तीस वेळा अपयश आले तरी दार लावले नाही. त्यांनी हा आकडा लपवला नाही, सरकारदरबारी स्वतःच्या सहीने लिहून दिला. मग आपण तो का लपवायचा? जो कादंबरीकार हे प्रकरण गुळगुळीत करील, तो सावित्रीमाईंचे मोठेपण कमीच करील.

यशवंत

१८७४ साली या गृहात एक मुलगा जन्मला. त्याच्या आईचे नावही काशीबाई. पुष्कळ ठिकाणी या दोन काशीबाईंची गल्लत केलेली आढळते. शिक्षा होऊन अंदमानला गेलेली काशीबाई वेगळी, आणि यशवंतची आई काशीबाई वेगळी. पहिलीचे बाळ विहिरीत गेले. दुसरीचे बाळ फुल्यांच्या पाळण्यात आले. दोघींच्या मध्ये फक्त एक उघडे दार होते.

जोतीराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे, सावित्रीमाई त्रेचाळीस वर्षांच्या. ज्या वयात त्या काळी लोक नातवंडे खेळवीत, त्या वयात त्यांनी हे बाळ मांडीवर घेतले आणि आपले नाव दिले. बोलायला सोपे आहे. जुन्या हिंदू कायद्यात दत्तक मुलगा आपल्याच जातीचा असावा असा दंडक होता. इथे आई ब्राह्मण, बापाचे नाव घेता येत नाही, आणि मांडी माळ्याची. भाऊबंदांचा रोष ओढवणारच. १० जुलै १८८७ रोजी जोतीरावांनी मृत्युपत्र करून आपली मिळकत यशवंतच्या नावे लिहून ठेवली. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. प्रेम मनात असते, पण अनाथाचा हक्क कागदावर लागतो, हे त्या व्यवहारी माणसाला पक्के ठाऊक होते. जोतीराव बांधकामाचे ठेकेदार होते, कागदाची किंमत ते जाणत होते.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. तरी डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ पुरा केला. घरात एक थकलेला, आजारी बाप आणि एक किशोरवयीन मुलगा. कादंबरीकाराला याहून मोठा प्रसंग कोणता हवा? ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंतचे लग्न सत्यशोधक पद्धतीने झाले. मुलगी हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांची.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी हरकत घेतली. दत्तक मुलाला तो मान द्यायचा नव्हता. तेव्हा सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, पुढे चालल्या आणि अग्नी दिला. आपण हा प्रसंग स्त्रीच्या धैर्याचा म्हणून सांगतो, तो तसा आहेच. पण एकदा सोळा वर्षांच्या यशवंतच्या जागी उभे राहून तो पाहा. ज्याला जन्मापासून बाबा म्हटले, त्यांच्या प्रेताशेजारी लोक म्हणताहेत, तू त्यांचा नव्हेस. आणि त्याच क्षणी आई पुढे होऊन ते भांडण संपवते.

बापाचे पुस्तक छापायचे राहिले होते. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ १८९१ साली प्रसिद्ध झाले. प्रकाशक म्हणून नाव आहे यशवंत जोतीराव फुले यांचे. ज्या मुलाला समाज कुणाचाच म्हणत नव्हता, त्याने बापाचे शेवटचे शब्द जगापुढे ठेवले. आपल्या हातात आज तो ग्रंथ आहे, त्यात या अनाथ मुलाचे ऋण आहे.

दुष्काळातली लेकरे

मध्ये एक प्रकरण दुष्काळाचे. १८७६-७७ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. माणसे गावे सोडून निघाली, जनावरे मेली, वाटेवर लेकरे उरली. सावित्रीमाई जुन्नर भागात ओतूरला होत्या. तिथून २० एप्रिल १८७७ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती अवस्था कळवली आहे. सावकारांच्या लुबाडणुकीने लोक चिडले, सत्यशोधक कार्यकर्त्यांना पकडले गेले. तेव्हा सावित्रीमाई कलेक्टरपुढे जाऊन बोलल्या आणि कार्यकर्ते सुटले, असा मजकूर त्या पत्रात आहे. धनकवडीला सत्यशोधक समाजाने उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. त्यासाठी मदत मागणारे जोतीरावांचे आवाहन १७ मे १८७७ चे आहे.

यशवंत तेव्हा तीन वर्षांचा होता. घरात तीन वर्षांचे मूल असताना ही माऊली दुष्काळी गावांतून फिरत होती. शिकायला आलेली मुलेही गंजपेठेच्या घरी राहत. मुंबईहून तिथे शिकायला राहिलेले लक्ष्मण कराडी जाया यांनी पुढे आठवण लिहून ठेवली, की सावित्रीबाईंनी आम्हाला आईहूनही अधिक माया दिली.

मुंढव्याचा पांडुरंग

शेवटचे प्रकरण १८९७ चे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला आणि पाहता पाहता पुण्याकडे पसरला. आपल्या ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि ज्यांच्या प्रयत्नाने कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ते या प्लेगातच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. सत्यशोधक घरावर शोककळा पसरली होती.

यशवंत आता डॉक्टर झाला होता आणि लष्करात नोकरीला होता. सावित्रीमाईंच्या शब्दावरून तो रजा घेऊन आला आणि हडपसरला ससाण्यांच्या माळावर प्लेगाच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीमाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. गावागावांतून रुग्ण आणण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग प्लेगाने आजारी पडल्याचे कळले. त्या काळी महाराच्या पोराला शिवणे हा विटाळ, आणि प्लेगाच्या रोग्याला शिवणे म्हणजे मरण. सावित्रीमाईंनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि हडपसरच्या दवाखान्यात आणले.

पांडुरंग वाचला. सावित्रीमाईंना प्लेगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आता वाचकहो, ही साखळी एकदा मागे वळून पाहा. बालविधवा सगुणाबाईंनी आईवेगळा जोती वाढवला. त्या जोतीने सावित्रीमाईंसह यशवंतला वाढवले. त्या यशवंतच्या दवाखान्यात पांडुरंगाचा जीव वाचला. टाकून दिले जाणार होते असे एक लेकरू वाचले नसते, तर तेवीस वर्षांनंतर मुंढव्याचे दुसरे लेकरू कुणाच्या दवाखान्यात गेले असते? पस्तीसपैकी पाच जगले हा आकडा तोट्याचा वाटतो. पण त्या जगलेल्यांपैकी एकाने काय केले, ते जमेला धरल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. अनाथाला वाचवणे म्हणजे दान नव्हे. वाचलेला माणूस पुढच्याला वाचवतो, असा तो व्यवहार आहे.

कादंबरीकाराने काय सांभाळावे

इतिहासावर कादंबरी लिहिणाऱ्याला संवाद कल्पावे लागतात, त्याला आमची हरकत नाही. गफार बेग आणि छोटा जोती काय बोलले, यशवंत आईवर कधी रुसला का, पाठीवरचा पांडुरंग तापात काय पुटपुटत होता, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. तिथे लेखकाची कल्पना चालो. मात्र ती कल्पना आहे हे प्रस्तावनेत सांगावे. तारखा, आकडे आणि नावे यांना हात लावू नये. आपल्या इतिहासावर आधीच पुष्कळांनी लेप चढवले आहेत, आपणही चढवू नयेत.

दुसरे असे, की चमत्कार दाखवू नयेत. सावित्रीमाई देवी असत्या तर त्यांना प्लेग झाला नसता. त्या माणूस होत्या, थकत होत्या, घाबरतही असतील, तरी गेल्या. मुलाला हे कळले तर त्याला वाटेल, आपणही असे करू शकतो. देवीकडे पाहून त्याला फक्त हात जोडता येतील.

तिसरे, शेवट गोड करू नये. यशवंतरावांच्या पश्चात त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई यांच्यावर गंजपेठेतले घर विकण्याची पाळी आली आणि त्यांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. ज्या घराने शेकडोंना आसरा दिला, त्या घरच्या सुनेला आसरा राहिला नाही. तेव्हा समाज कुठे होता? हा प्रश्न कादंबरीच्या शेवटच्या पानावर असायला हवा. ते घर आज महात्मा फुले यांचे स्मारक म्हणून जपले जाते, हजारो लोक तिथे जातात. पण घर जपणे आणि घरातली माणसे जपणे यांत अंतर आहे.

आपल्या चाळीत

हा सगळा इतिहास वाचून आपल्या वस्तीकडे पाहिले की काय दिसते? विरार लोकलला लोंबकळून कामाला जाणारे आपले लोक. कुणी रूळ ओलांडताना जातो, कुणी परातीवरून पडतो, कुणाला दारू खाते. २०२०-२१ च्या कोरोनाने तर कित्येक घरांतले कर्ते माणूस नेले. मागे राहिलेली मुले कधी आजीकडे, कधी काकाकडे, कधी कुणाकडेच नाहीत. दुसरीकडे त्याच चाळीत निवृत्त झालेली माणसे आहेत. दिवसभर ओट्यावर बसतात, पेपर दोनदा वाचतात. मुले कामावर, सुना कामावर, बोलायला कुणी नाही. एका बाजूला मोठ्या माणसाविना मूल, दुसऱ्या बाजूला मुलांविना मोठे माणूस. दोघांच्या मध्ये एक भिंत आहे, आणि ती विटांची नाही.

ही भिंत पाडायला पैसा लागत नाही. आजोबांनी संध्याकाळी शेजारच्या पोराचा पाढा ऐकला, मावशीने त्याच्या शाळेच्या पालकसभेला हजेरी लावली, निवृत्त क्लार्कने त्याचे फॉर्म भरून दिले, तर गफार बेग मुन्शींनी केले त्याहून ते वेगळे नाही. फॉर्म हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. जोतीरावांनी यशवंतसाठी मृत्युपत्र केले, कारण मायेला कागदाचा आधार लागतो. आजही लागतो.

महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते. आई-वडील दोन्ही किंवा एक गमावलेल्या, अठरा वर्षांखालील गरजू मुलांना कुटुंबातच सांभाळता यावे, यासाठी ती आहे. दरमहा मिळणारी रक्कम २०२३ साली २२५० रुपये करण्यात आली. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा आहे, त्यामुळे अर्जासाठी आपल्याला आता ठाण्याला जावे लागत नाही. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात आणि बालकल्याण समितीकडे चौकशी करावी. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि आधारकार्ड जपून ठेवावे. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षणाचा निर्णय राज्याने २०१८ साली घेतला, त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढणे आवश्यक असते. ज्यांना मूल दत्तक घ्यायचे आहे त्यांनी ते कायद्याच्या मार्गानेच घ्यावे, दवाखान्यातून परस्पर नव्हे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५६ साली दत्तकाचा जो कायदा झाला, तो बौद्धांनाही लागू आहे, त्यात स्त्रीलाही दत्तक घेण्याचा हक्क आहे, आणि मुलाची जात विचारलेली नाही. यशवंतला पाळण्यात घेताना जोतीराव-सावित्रीमाईंपुढे जो जातीचा दंडक आडवा होता, तो आज आपल्यापुढे नाही. आडवे येते ते आपलेच मन.

आमच्या समाजात आज लिहिणारे तरुण-तरुणी पुष्कळ आहेत. कविता लिहितात, आत्मकथने लिहितात. त्यांच्यापैकी कुणीतरी गंजपेठेच्या या घराची कादंबरी मुलांसाठी लिहायला घ्यावी, दहा-बारा वर्षांच्या मुलाला कळेल अशा साध्या मराठीत, मोठ्या टायपात, आणि चाळीतल्या माणसाला परवडेल अशा किमतीत. लिहिण्याआधी पुण्याला जाऊन ते घर पाहून यावे. स्वतःची मुले बरोबर न्यावीत, आणि आई-वडील नसलेले शेजारचे एखादे मूल असेल तर त्यालाही. प्रवासात खिडकीची जागा त्याला द्यावी.